पॉपायचा १९३३-३८चा डीव्हीडी संच : आठ महिने पाहिल्यावर

लहानपणी कार्टून नेटवर्कवर पाहिलेला पॉपाय, म्हणजे पालक खाऊन ताकद मिळवणारा तो खलाशी, रंगीत होता. ती मूळची कृष्णधवल कार्टून्स, १९८०च्या दशकात दक्षिण कोरियात पुन्हा रेखाटून रंगवलेली, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून मूळ चित्रं बघायची ओढ होती. वॉर्नरचा २००७ सालचा पहिला संच (चार डिस्क, ६० कार्टून्स) न्यू जर्सीच्या मावसभावाने जुन्या डीव्हीडी विकणाऱ्याकडून घेऊन येताना आणला.

आधी अडचण सांगतो. डीव्हीडी जगाच्या ज्या भागासाठी काढलेली असते त्याचा क्रमांक, म्हणजे रीजन, तिच्यावर असतो आणि प्लेअर फक्त आपल्या रीजनच्या डिस्क चालवतो. या डिस्क रीजन १च्या (अमेरिकेच्या), आपल्याकडचे प्लेअर रीजन ५चे. घरच्या प्लेअरने डिस्क घेतलीच नाही. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण पाचच वेळा. मग तो शेवटच्या रीजनवर कायमचा अडकतो. म्हणून मी एक बाहेरून जोडायचा ड्राइव्ह रीजन १ करून फक्त या कामाला ठेवलाय.

रोज रात्री जेवणानंतर एक, फार तर दोन. सगळी सलग बघू नका, मारामारीचा साचा एकच असल्याने कंटाळा येईल. क्रमाने मात्र बघा. सुरुवातीला जहाजाचे दरवाजे उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात आणि दर वेळी आत नवी नावं दिसतात. १९५०च्या दशकात ही कार्टून्स टीव्हीसाठी विकली गेली तेव्हा मूळ वितरक पॅरामाउंटचं नाव असलेल्या पाट्या कापल्या होत्या. इथे त्या परत आल्यात, आणि प्रिंट इतकी स्वच्छ की पॉपायच्या प्रेयसीच्या, ऑलिव्हच्या बुटांची रेघन्‌रेघ दिसते.

मला सगळ्यात भावली ती ही कार्टून्स बनवणाऱ्या फ्लायशर स्टुडिओची चित्रांमागची पार्श्वभूमी. मॅक्स फ्लायशरच्या मंडळींनी खरंखुरं छोटं नेपथ्य फिरत्या टेबलावर उभं केलं, त्याच्यापुढे काचेत पात्राचं चित्र उभं धरलं आणि टेबल कणाकणाने फिरवत एकेक फ्रेम टिपली. १९३६च्या सिंदबादच्या मुळातच रंगीत असलेल्या कार्टूनमध्ये सिंदबाद झालेला ब्लूटो, पॉपायचा नेहमीचा वैरी, गात गात गुहेतून चालतो तिथे थांबून बघा. जवळचे खडक भराभर मागे सरकतात, लांबचे हळू, आणि सपाट माणूस खऱ्या जागेतून चाललाय असं वाटतं. तो तुकडा मी दहा-बारा वेळा तरी पाहिला असेल. कृष्णधवल कार्टून्समध्येही ही करामत आहे. रंगीत आवृत्तीसाठी पुन्हा रेखाटताना ती टिकणं शक्यच नव्हतं.

हेडफोन लावून बघा, हेही आवर्जून सांगतो. १९३५पासून पॉपायला आवाज देणाऱ्या जॅक मर्सरचं पुटपुटणं त्याशिवाय निम्मं निसटतं. चित्रं आधी तयार व्हायची, आवाज नंतर, म्हणून ओठ हलत नाहीत आणि बोलणं चालूच! तिसऱ्या-चौथ्या वेळी एखादा शब्द कळतो तेव्हा फार आनंद होतो.

मुलांसोबत बघणार असाल तर आधी स्वतः बघून घ्या. १९३३च्या पहिल्याच कार्टूनमध्ये जत्रेतल्या खेळात काळ्या माणसाचं विद्रूप चित्रण आहे. ते कापलं नाही हे मला पटतं, पण माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मी शेजारी बसून समजावून सांगितलं.

जादा भागातली मूकपटकाळातली कार्टून्स अभ्यासाला चांगली आहेत. माहितीपट एकदाच पाहिला.

विकणाऱ्याने ‘नव्यासारखा’ म्हणून दिलेल्या संचाची तिसरी डिस्क ओरखडलेली निघाली. एक कार्टून ब्लूटोने मूठ उगारली की तिथेच थिजतं. जुना संच घेणाऱ्यांनी प्रत्येक डिस्कच्या मागच्या बाजूचा उजेडात काढलेला फोटो आधी मागवा. त्या एका कार्टूनसाठी मी आता तेवढीच डिस्क शोधतोय.