जवाहर नवोदय विद्यालय : प्रवेशापासून बारावीपर्यंत एका पालकाने पाहिलेले

आमची थोरली मुलगी सहावीत जवाहर नवोदय विद्यालयात दाखल झाली आणि नुकतीच तेथून बारावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. धाकट्या मुलानेही पाचवीत असताना तीच निवड परीक्षा दिली होती. त्याचे नाव यादीत आले नाही. एकाच घरात निवड आणि नकार या दोन्ही गोष्टी अनुभवल्यामुळे या शाळेविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. पाचवीतल्या मुलांचे आईवडील भेटले की परीक्षेची तयारी कशी करून घेतली, एवढेच विचारतात. अकरा वर्षांचे मूल घर सोडून राहील का आणि आपण त्याला राहू देऊ का, याचा विचार मात्र बहुतेक घरांत निकाल लागल्यानंतर सुरू होतो. आमच्याही घरात तेच झाले होते.

ज्यांना या शाळांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना उभी राहिली आणि प्रारंभी प्रयोग म्हणून जी दोन विद्यालये सुरू झाली, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जरला होते आणि दुसरे आपल्या अमरावतीला. आज तमिळनाडू वगळता देशभर अशी ६५० हून अधिक विद्यालये आहेत. सहावी ते बारावी, मुले-मुली एकत्र, पूर्णपणे निवासी आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असे त्यांचे स्वरूप आहे. शिकवणे, राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके यांचा खर्च शासन करते. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये द्यावे लागतात, पण मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तो माफ आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी दर अधिक आहे. मुलीच्या संपूर्ण शिक्षणात आमचा खर्च झाला तो प्रवासाचा, पेटी-बादलीचा आणि वरच्या किरकोळ वस्तूंचा.

एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि त्यांतील किमान ७५ टक्के ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत झालेली असावी लागतात, ही अट पालकांनी नीट वाचावी. केवळ सातबारा गावात आहे म्हणून मूल ग्रामीण ठरत नाही. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा एकदाच देता येते. दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात, त्यांपैकी ५० गुण मानसिक क्षमता चाचणीचे, तर अंकगणित आणि भाषा यांना २५-२५ गुण असतात. प्रश्नपत्रिका मराठीतून मिळते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. वेगळी आकृती शोधणे, आरशातील प्रतिमा ओळखणे, घडी घालून भोके पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगणे, अशा प्रश्नांना अर्धे गुण असल्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतील हुशार मुलालाही येथे खरी संधी मिळते. ही परीक्षा मला मनापासून योग्य वाटते.

या परीक्षेभोवती जे उभे राहिले आहे, ते मात्र तितके योग्य नाही. मुलीच्या वेळी तिच्या गावच्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर रोज तासभर सराव घेतला, आणि तेवढाच तिचा अभ्यास. मुलाच्या वेळी आम्ही तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी क्लासला पैसे भरले. तेथे दर रविवारी सराव परीक्षा होई, गुणांची यादी भिंतीवर लागे आणि खालच्या दहा मुलांना उभे केले जाई. दहा वर्षांच्या मुलाला रविवारची भीती वाटू लागली आणि ती आम्हाला दिसत असूनही आम्ही ‘थोडेच दिवस राहिले’ म्हणत राहिलो. निकालानंतर त्याने पहिली गोष्ट विचारली ती अशी : ‘ताई हुशार आहे आणि मी नाही, असे झाले का?’ जिल्ह्यातून हजारो मुले बसतात आणि ८० घेतली जातात, हे त्याला समजावायला आम्हाला एक वर्ष लागले. मूल आनंदाने आकृत्या सोडवत असेल तर घरी एक सरावपुस्तक पुरते, एवढे मी त्या अनुभवावरून खात्रीने सांगतो.

आता शाळेविषयी. पहिल्या दिवशी आम्ही पत्र्याची पेटी, कुलूप, बादली-मग आणि अंथरूण घेऊन गेलो. मुलीला एक हाउस, म्हणजे वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या मुलांचा गट, मिळाले. अरावली, नीलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशी नावे सगळ्या नवोदय विद्यालयांत सारखीच असतात. पलंगाशेजारी पेटी लावून होताच तिच्याहून मोठ्या एका मुलीने तिला कपड्यांवर नंबर घालायला शिकवले आणि आम्हाला निघायला सांगण्यात आले. पहिला महिना अवघड जातो. विद्यालयाच्या फोनवरून ठरलेल्या दिवशी काही मिनिटे बोलता येते, आणि त्या मिनिटांत मूल बहुधा रडते. आमची मुलगी तिसऱ्या आठवड्यात ‘मला न्यायला या’ असे म्हणाली तेव्हा तिची आई रात्रभर झोपली नाही. हाउसच्या शिक्षिकेने आम्हाला शांतपणे सांगितले की ती फोन ठेवल्यानंतर दहा मिनिटांत खेळायला जाते आणि तुम्ही आज आलात तर पुढे प्रत्येक अडचणीला हाच उपाय आहे असे तिला वाटेल. आम्ही गेलो नाही. तिच्याबरोबर दाखल झालेली दोन मुले त्या महिन्यात घरी परतली, आणि त्यांच्या आईवडिलांचे काही चुकले असे मला मुळीच वाटत नाही. काही मुलांना त्या वयात घरच हवे असते.

दिवस पहाटे सुरू होतो. व्यायाम, आंघोळ, नाश्ता, प्रार्थना, वर्ग, जेवण, विश्रांती, अभ्यास, खेळ आणि पुन्हा देखरेखीखालचा रात्रीचा अभ्यास, असा सगळा घंटेवर चालणारा क्रम असतो. कागदावर हे कठोर दिसते. प्रत्यक्षात सहावीच्या मुलांना आठवीची मुले आणि आठवीच्या मुलांना अकरावीची मुले सांभाळतात आणि त्यातूनच मूल सावरते. मुलीचे सातवीचे वर्ष कोविडमुळे घरीच गेले. तेव्हा ती सकाळी घंटेच्या वेळी आपोआप उठे, ताट स्वतः घासून ठेवी आणि धाकट्या भावाला जेवणाआधी हात धुवायला सांगे. हे आम्ही शिकवले नव्हते. मात्र रोज संध्याकाळी शाळेत काय झाले हे विचारण्याचा आमचा हक्क गेला होता आणि तो परत आला नाही. तिचे बालपण तिच्या मैत्रिणींना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. प्रवेश घेताना ही किंमत कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो.

शिकवण्याच्या दर्जाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. केंद्रीय मंडळाच्या दहावी-बारावीच्या निकालांत ही विद्यालये सातत्याने वरच्या क्रमांकांत असतात. सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण होते आणि नंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून, तर सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकावी लागतात. या बदलात आमच्या मुलीचे गुण एका सहामाहीत बरेच घसरले आणि पुढच्या वर्षी सावरले. पालकांनी त्या काळात घाबरू नये. अकरावीला कोणत्या शाखा मिळतील हे प्रत्येक विद्यालयात वेगळे असते, तेव्हा ते आधीच विचारून घ्यावे. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षांसाठी दक्षणा फाउंडेशनसारख्या संस्था निवडक नवोदय विद्यार्थ्यांना विनामूल्य तयारी करून देतात. त्यासाठी आणखी एक चाचणी असते, आणि अकरावीत तिची चर्चा वसतिगृहात सतत असते. हुशार मुलांमध्ये राहताना आपण मागे पडतो आहोत ही भावना माझ्या मुलीलाही आली होती. गावात पहिली येणारी मुलगी येथे चाळिसावी येते आणि तिला त्याची सवय करून घ्यावी लागते. अशा वेळी पालकांनी क्रमांक विचारणे थांबवावे. आम्ही ते नववीत थांबवले, आणि त्याआधीच थांबवायला हवे होते.

या विद्यालयांची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणून मी नववीतील स्थलांतराचे नाव घेईन. हिंदी भाषक आणि अहिंदी भाषक भागांतील विद्यालयांमध्ये नववीच्या सुमारे ३० टक्के मुलांची एका वर्षासाठी अदलाबदल होते. आमची मुलगी उत्तर प्रदेशात गेली. शिक्षकांसोबत रेल्वेने निघालेल्या त्या मुलांना निरोप देताना फलाटावर बहुतेक पालक रडत होते. तिकडची मुले आमच्या विद्यालयात आली आणि मराठी शिकू लागली. भेटीच्या रविवारी आमच्याकडच्या मुलांचे नातेवाईक येत, या मुलांचे कोणी येत नसे. म्हणून माझ्या पत्नीने मुलीच्या एका मैत्रिणीच्या आईबरोबर ठरवून त्यांच्यासाठी वेगळा डबा नेण्यास सुरुवात केली. त्यातली एक मुलगी वर्षाअखेरीस पत्नीला ‘काकू, तुमचा पत्ता द्या’ असे मराठीत म्हणाली. इकडे हे चालले असताना तिकडे एक अनोळखी कुटुंब आमच्या मुलीसाठी तसाच डबा नेत होते, हे आम्हाला ती परतल्यावर कळले. त्या बाईंशी आम्ही आजही सणाला फोनवर बोलतो. मोडक्या हिंदीत आम्ही आणि शुद्ध हिंदीत आमची मुलगी.

विद्यालयांनी एक गोष्ट करावी असे मला कळकळीने वाटते. निवड झालेल्या मुलांना प्रवेशाआधी एक रात्र वसतिगृहात राहू द्यावे आणि त्याच दिवशी जुन्या पालकांनी नव्या पालकांशी बोलावे. पहिल्या महिन्यात काय होते, फोनवर मूल रडले तर काय करावे, कोणत्या वेळी खरोखर न्यायला जावे, हे त्या एका दिवसात सांगता येईल. कागदपत्रांची पडताळणी जितकी काटेकोरपणे होते तितकीच ही तयारीही व्हावी.

मुलगा आता आठवीत आहे. नववीच्या रिक्त जागांसाठी वेगळी परीक्षा असते. तिला गणित आणि विज्ञान प्रत्येकी ३५ गुणांना आणि इंग्रजी व हिंदी प्रत्येकी १५ गुणांना असतात. यंदा अर्ज भरायचा का, हे आम्ही त्याच्यावर सोडले. त्याने दोन दिवस घेतले, बहिणीला बाजूला बसवून पेटीत काय काय नेता येते आणि रात्री रडू आले तर कोणाकडे जायचे एवढेच विचारले, आणि मग स्वतःच अर्ज भरला. या वेळी क्लास लावलेला नाही. रविवारी तो सकाळी शेतावर येतो आणि दुपारी बहिणीच्या जुन्या वहीतली गणिते सोडवतो.