टॉमकॅट ९ की १०? सर्व्हलेटचा क्लास सापडत नाही तेव्हा

टॉमकॅट म्हणजे जावातली वेब-अ‍ॅप्स चालवणारा सर्व्हर. कालपर्यंत टॉमकॅट ९ वर सुरळीत चालणारी वॉर फाइल (अख्ख्या अ‍ॅपचं गाठोडं) १० मध्ये टाकली की ब्राउझरमध्ये ५०० (सर्व्हरमधली चूक) येतो आणि लॉगमध्ये ओळ दिसते: ‘नो क्लास डेफ फाउंड एरर: जावाएक्स/सर्व्हलेट/एचटीटीपी/एचटीटीपीसर्व्हलेट’. सर्व्हलेट म्हणजे ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास, आणि जार म्हणजे अशा क्लासचं गाठोडं. अशा वेळी हरवलेली जार शोधत बसू नका. टॉमकॅटच्या लिबमधली सर्व्हलेट-एपीआय जार जागेवरच आहे, आतल्या पॅकेजचं नाव तेवढं बदललंय.

जावा ईई (सर्व्हलेटसकट सर्व्हरवरच्या जावाची मानकं) ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, पण ‘जावाएक्स’ हे नाव पुढे वापरायची मुभा मिळाली नाही. म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये (जकार्ता ईई हे जावा ईईचं नवं नाव) जावाएक्स.सर्व्हलेटचं जकार्ता.सर्व्हलेट झालं. टॉमकॅट ९ ला जुनंच नाव कळतं, १० ला नवंच.

जुनी सर्व्हलेट-एपीआय जार वॉरमधल्या वेब-आयएनएफच्या लिबमध्ये टाकायचा मोह होतो. कृपया तसं करू नका. क्लास सापडतो, पण टॉमकॅट १० त्याला सर्व्हलेट मानत नाही. मॅपिंग (कोणत्या पत्त्याला कोणता सर्व्हलेट) वेब.एक्सएमएल फाइलऐवजी कोडमधल्या ॲनोटेशनने केलं असेल तर आणखीच फसगत: जुन्या पॅकेजमधल्या ॲनोटेशनकडे तो बघतच नाही. लॉगमध्ये चकार शब्द नाही आणि समोर ४०४ (पान सापडलं नाही)!

सोर्स हाताशी नसलेल्या जुन्या जार असतील, किंवा पुढच्या आठवड्यात प्रोजेक्ट दाखवायचा असेल, तर मी बिनदिक्कत ९ घेईन. जावा ८ वरही तो चालतो. नवं काम मात्र १०.१ वरच सुरू करा. त्याला किमान जावा ११ लागतं, आणि स्प्रिंग बूट ३ हे जावा फ्रेमवर्क वापरायचं तर जकार्ताशिवाय गत्यंतर नाही, तिथे जावाही १७ हवं. सर्व्हर १० च हवा पण कोडला हात लावायचा नाही, अशांनी वॉर वेबअ‍ॅप्स-जावाईई फोल्डरमध्ये ठेवावी. फोल्डर नसेल तर तयार करा. टॉमकॅट स्वतः नावं बदलून ती वेबअ‍ॅप्समध्ये आणतो, आतल्या जारसकट. तात्पुरती सोय म्हणून हे उत्तम.

कोडमधल्या इम्पोर्टच्या ओळींतलं जावाएक्स हाताने बदलणार असाल तर सरसकट ‘रिप्लेस ऑल’ मारू नका. जावाएक्स.एसक्यूएल आणि जावाएक्स.नेमिंग जेडीकेमधलेच (मूळ जावा संचातलेच) आहेत, त्यांची नावं तशीच राहतात.

आणि एररमधलं नाव मायएसक्यूएल डेटाबेसच्या ड्रायव्हरचं असेल, तर ९-१० चा प्रश्नच नाही. ड्रायव्हरची जार वेब-आयएनएफच्या लिबमध्ये टाका आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा.