वर्षभराच्या सगळ्या मॅचेस १,८०० रुपयांत: इंदूरमध्ये ही फसवणूक कशी होते

सुदामानगरमधल्या एका निवृत्त गृहस्थांचे आधी १,८०० रुपये गेले, महिन्याभराने ४९९ आणि त्यानंतर एका संध्याकाळी खात्यातून ४६,०००. तिन्ही वेळा समोरचा माणूस तोच होता, नंबर तेवढा बदललेला. अशा तक्रारी आता आयपीएलच्या आणि भारताच्या प्रत्येक मालिकेच्या तोंडावर येतात, आणि सगळ्यांची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: आजची मॅच कुठे लागणार?

हा प्रश्न पडण्यात बघणाऱ्याची काडीचीही चूक नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क एकूण ४८,३९० कोटींना विकले गेले, तेव्हा टीव्हीचे एका कंपनीला आणि मोबाइलचे दुसऱ्या कंपनीला गेले. २०२३ आणि २०२४ मध्ये जिओसिनेमावर आयपीएल फुकट दिसली, लोकांना त्याची सवय लागली. मग त्या कंपन्या एकत्र आल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं आणि त्या वर्षी पैसे भरल्याशिवाय पूर्ण मॅच दिसेना. परदेश दौऱ्यांचा गोंधळ तर याहून मोठा. डिसेंबर २०२३ मधला दक्षिण आफ्रिका दौरा स्टार स्पोर्ट्सवर होता, नोव्हेंबर २०२४ मधला त्याच देशातला दौरा स्पोर्ट्स१८ आणि जिओसिनेमावर. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात कसोटी टीव्हीवर सोनीकडे आणि मोबाइलवर जिओहॉटस्टारकडे. त्यानंतर सुमारे महिन्याभराने आलेला आशिया चषक टीव्हीवर सोनी आणि मोबाइलवर सोनीलिव. ज्याने दोन्हीकडचे पैसे भरलेत त्यालाही नाणेफेकीच्या वेळी रिमोट घेऊन शोधत बसावं लागतं. या वैतागावरच फसवणाऱ्यांचा धंदा चालतो.

या गृहस्थांनी १४९ रुपयांचा तीन महिन्यांचा मोबाइल प्लॅन घेतला होता. तो फक्त मोबाइलवर चालतो, टीव्हीवर चालत नाही, आणि हे पैसे भरण्याआधी वाचणारे थोडेच. ४३ इंची टीव्ही समोर असून मॅच हातातल्या फोनवर बघायची, म्हणून ते चिडलेले. त्याच आठवड्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: ‘अंकल जी, सारे स्पोर्ट्स चैनल, सारे ओटीटी, पूरा साल सिर्फ १८००. पहले ४८ घंटे फ्री देखो, फिर पैसा दो.’

ही ४८ तासांची ट्रायल म्हणजे सगळ्या सापळ्याचं मर्म. ती मंगळवारी सकाळी देतात, रविवारच्या मॅचला नाही. पाठीमागचा प्रकार असा असतो. कुठेतरी परदेशातल्या सर्व्हरवर चोरलेले चॅनल चढवलेले असतात. गावोगावचे विक्रेते त्या सर्व्हरच्या पॅनलवर, म्हणजे ग्राहक जोडायच्या पानावर, क्रेडिट विकत घेतात, बहुतेक ठिकाणी एक क्रेडिट म्हणजे एका ग्राहकाचा एक महिना. ग्राहकाला एक प्लेअर ॲप, सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड मिळतो. चांगला एचडी प्रवाह साधारण ६ एमबीपीएस खातो, म्हणजे एक गिगाबिटच्या लाइनवरून जेमतेम १६० घरं चालतात. मंगळवारी सकाळी त्या लाइनवर वीस जण असतात, चित्र काचेसारखं स्वच्छ येतं. भारत-पाकिस्तानच्या दिवशी हजार जण एकदम येतात आणि सोळाव्या षटकात गोल चक्र फिरायला लागतं. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशांनी असे पत्ते सामना चालू असतानाही बंद केले जातात. तेव्हा ट्रायल नीट चालली याचा मॅच दिसण्याशी काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट, जी तपासायला एक मिनिट लागतं आणि कुणी तपासत नाही. त्या प्लेअर ॲपमध्ये सेटिंगच्या आसपास ‘अकाउंट इन्फो’ असतं. तिथे ‘एक्स्पायरी डेट’ आणि ‘मॅक्स कनेक्शन्स’ लिहिलेलं असतं. या गृहस्थांनी वर्षाचे पैसे दिले होते. तिथे तारीख बरोबर तीस दिवसांनंतरची होती. विक्रेत्याने एकच क्रेडिट खर्चलं, बाकी अकरा महिन्यांचे पैसे सरळ खिशात. तिसाव्या दिवशी स्क्रीन काळी पडते, तेव्हा तो सांगतो की सर्व्हर अपग्रेड होतोय, ४९९ भरा. भरले की आणखी एक महिना. ‘लाइफटाइम’ म्हणून विकतात त्यांच्याकडेही पॅनलवर हाच महिन्याचा हिशेब असतो.

बरेच जण ॲपच्या ऐवजी टीव्हीला जोडायचा डबा विकतात. जेल रोडच्या बाजारात आणि ऑनलाइनही हे अँड्रॉइड डबे दोन-अडीच हजारांत मिळतात. खोक्यावर ८ जीबी रॅम, १२८ जीबी मेमरी छापलेलं. आत उघडून पाहिलं तर बऱ्याचदा १ जीबी आणि ८ जीबी. सेटिंगमध्ये दिसणारा आकडा फर्मवेअरमध्ये, म्हणजे डब्याच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, खोटा भरलेला असतो. ओळखायचं असेल तर दोन खुणा पुरेत. चालू करताना गूगलचं खातं विचारून रीतसर प्ले स्टोअर येत नाही, आणि ॲप घालण्यासाठी विक्रेता ‘प्ले प्रोटेक्ट’, म्हणजे घातक ॲप अडवणारी गूगलची तपासणी, बंद करायला सांगतो. हा नुसता निकृष्ट माल असता तर एक वेळ पैसे गेले म्हणून सोडता आलं असतं. पण जुलै २०२५ मध्ये गूगलने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या टोळीवर अमेरिकेत दावा लावला, तो अशाच प्रमाणपत्र नसलेल्या एक कोटीहून जास्त उपकरणांबद्दल होता. डबा घरच्या वायफायला जोडला की तुमचं कनेक्शन बाहेरच्या कुणाला तरी भाड्याने दिलं जातं. त्यावरून कोण काय करतं याचा माग तुमच्या घराच्या पत्त्यावर येतो.

आता ४६,००० कसे गेले ते नीट वाचावं, कारण खरी लूट इथेच आहे आणि ती ज्यांचे १,८०० बुडाले त्यांचीच होते. दुसऱ्यांदा स्क्रीन काळी पडल्यावर काकांनी ग्रुपवर पैसे परत मागितले. पाच मिनिटांत ग्रुप ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ असा झाला. दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून सभ्य आवाजाचा फोन: ‘रिफंड डिपार्टमेंट से बोल रहे हैं, आपके २,२९९ वापस करने हैं.’ आकडा बरोबर होता, १,८०० आणि ४९९ मिळून. म्हणून विश्वास बसला. काकूंनी आतून दोनदा विचारलं, कुणाचा फोन आहे. हाताने थांब म्हणून सांगितलं गेलं. व्हॉट्सॲपवर एक फाइल आली, नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून घालायचं ॲप. उघडल्यावर फोनने इशारा दिला, पलीकडचा म्हणाला ‘नॉर्मल है, अलाउ कर दीजिए’. ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, मग रिफंडच्या फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. भरल्यावर ‘२४ तासांत पैसे येतील’ अशी पाटी आली आणि ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून नाहीसं झालं.

ॲप मात्र गेलं नव्हतं. बँकेचा प्रत्येक ओटीपी येताक्षणी ते पुढे पाठवत होतं. कार्डाचे तपशील फॉर्मवरून मिळालेले, ओटीपी एसएमएसमधून. काकांनी कुणालाही ओटीपी सांगितला नाही, हे ते शेवटपर्यंत खरं सांगत होते. बँकेतही त्यांना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. परत द्यायच्या पैशांसाठी कार्डाचे आकडे लागत नाहीत, पिन लागत नाही, कुठलं ॲप तर नाहीच. यूपीआयवर पैसे येताना पिन कधीच लागत नाही.

याच खेळाचा दुसरा प्रकार म्हणजे ‘व्हेरिफिकेशनसाठी एक रुपया’. तो एक रुपया म्हणजे ऑटोपेची, खात्यातून आपोआप हप्ते कापण्याची, मंजुरी असते. स्क्रीनवर खाली बारीक अक्षरांत कमाल रक्कम आणि ‘मासिक’ लिहिलेलं असतं. यूपीआयवर बहुतेक ऑटोपेत १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता दर वेळी पिन न विचारता कापला जातो. आपल्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग आहे. तो आजच उघडा आणि ओळखीचं नाही ते रद्द करा.

चुकून असं ॲप घातलं गेलंच तर क्रम महत्त्वाचा. आधी विमान मोड लावा आणि वायफायही बंद आहे ना ते बघा, म्हणजे ओटीपी पुढे जाणं थांबेल. सिम काढून घरातल्या दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला. त्यावरून आधी बँकेला फोन करून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा, बँकेचा नंबर कार्डाच्या मागचा घ्या. गूगलवर शोधलेला घेऊ नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर भरपूर पेरलेले आहेत. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. तिथे व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचं नाव विचारतात, ते कागदावर लिहून ठेवलेलं असेल तर दोन मिनिटं वाचतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फार झपाट्याने फिरवले जातात. वाटेत गोठवले तरच हाती लागतात. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवरही तक्रार नोंदवा आणि पावती क्रमांक जपा. फोनमधलं ॲप सेटिंगच्या यादीत सापडतं. ‘अनइन्स्टॉल’ दाबता येत नसेल तर ‘डिव्हाइस ॲडमिन’मधून त्याची परवानगी काढावी लागते. तरी शेवटी फोन फॅक्टरी रीसेट करणंच बरं. बँकेला लेखी कळवण्यात एक दिवसही घालवू नका. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या अंगावर असतात.

इथे बरेच जण अडतात. चोरीचे चॅनल घेतले होते, आता कुठल्या तोंडाने तक्रार करायची? घरात सांगायची लाज, सुनेला-जावयाला कळेल ही भीती. या काकांनी दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही आणि त्या दोन दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले. फसवणारा याच संकोचावर विसंबून असतो. खात्यातून पैसे काढून नेणं हा वेगळा गुन्हा आहे, तक्रार त्याची करायची आहे. पहिल्या तासात करा.

बाकी राहिला मूळ प्रश्न, मॅच कुठे बघायची. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने बघायला खरं तर कुणालाही महिन्याचे पैसे द्यावे लागू नयेत. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं आणि ते डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर दिसतं. मग घरच्या केबलवर किंवा खासगी डीटीएचवर डीडी स्पोर्ट्स लावलं की त्याच वेळी भलतंच काहीतरी का चालू असतं? कारण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल दिला की हा सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचा, केबल-डीटीएचवाल्यांकडे जाऊ द्यायचा नाही. ऑपरेटरने चॅनल अडवलाय असा लोकांचा समज होतो, तसं नाही. आयपीएल मात्र या यादीत येत नाही, तिच्यासाठी पैसे भरावेच लागतात.

फ्री डिशला एकदाच डिश आणि बॉक्स घ्यावा लागतो, साधारण दीड-दोन हजार. ‘फ्री डिशचं रिचार्ज’ किंवा ‘ॲक्टिव्हेशन’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तो फसवतोय. या सेवेला मासिक शुल्कच नाही. डिश ६० ते ९० सेंटिमीटरची, उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. इंदूरच्या गच्चीवरून तोंड आग्नेयेकडे, कंपासवर सुमारे १४० अंश, आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर. त्या दिशेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी किंवा कडुलिंब येत नाही ना, ते पाइप ठोकण्याआधी बघा. पावसाळ्यात जोरदार सरीत चित्र तुटतं, तेवढं सोसावं लागतं.

केबल किंवा डीटीएच असेल तर पूर्ण स्पोर्ट्स पॅक घेण्याची सक्ती नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार प्रत्येक पे-चॅनल सुटा मिळतो आणि त्याची छापील किंमत असते, वर १८ टक्के जीएसटी. मालिका कुठल्या कंपनीकडे आहे ते बघून तेवढा एक चॅनल महिन्याभरासाठी घाला आणि मालिका संपली की काढा, ऑपरेटरच्या ॲपमधून हे घरबसल्या होतं. ओटीटी घेताना दोनच गोष्टी वाचा, टीव्हीवर चालतं का आणि एका वेळी किती स्क्रीनवर. हे ऑपरेटरच्या किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमध्येच भरायचं. ‘एक वर्षाचं प्रीमियम अकाउंट १९९ मध्ये’ विकणारा कुणाचं तरी खातं दहा जणांना वाटत असतो. मूळ मालकाने पासवर्ड बदलला की दहाही बाहेर.

आणि तो डबा घरात असेल तर आधी प्लगमधून काढा. वायफायचा पासवर्ड बदला, राउटरचा ॲडमिन पासवर्डही बदला, कारण बहुतेक घरांत तो कंपनीने दिलेलाच असतो. डब्यात कुठलं जीमेल खातं घातलं असेल तर गूगल खात्याच्या ‘युवर डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते साइन आउट करा. रीसेट करून डबा कामवाल्या बाईंना किंवा गावाकडच्या भावाला देऊ नका, कारण अशा डब्यांत खोट कारखान्यातून आलेल्या फर्मवेअरमध्येच असते आणि रीसेटने ती जात नाही. ई-कचऱ्यात टाका.