ड्रॅगनपटांचं संगीत: अभ्यासाला पहिला भाग घ्यावा, दुसरा की तिसरा?

भाचीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' या ॲनिमेटेड चित्रपटमालेच्या वाद्यवृंद-संगीताचं विश्लेषण करायचंय. भाग तीन (२०१०, २०१४, २०१९), तिन्हींचे संगीतकार जॉन पॉवेल. घ्यायचा मात्र एकच. तुमचंही इथेच अडलं असेल, तर बेलाशक पहिला घ्या.

पहिल्या भागात धून कशी रुजते ते ऐकू येतं. वाळूत मुलगा आणि ड्रॅगन एकमेकांना जोखतात, तो प्रसंग घ्या. संवाद जवळपास नाहीतच. लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर सुरांची एक छोटी आकृती फिरत राहते, तबल्याच्या सोलोला लेहरा धरतात तशी. मग तंतुवाद्यं येतात, कोरस येतो. हात पुढे होतो तेव्हा सगळं थबकून हलकं होतं. हा तुकडा ऐकताना मी कूलर बंद करतो. मे महिन्यात सोलापुरात ते जिवावर येतं, पण त्या घरघरीत सुरुवातीचे नाजूक सूर हरवतात.

उड्डाणाच्या प्रसंगातही तेच. सूचनांचा कागद हातून सुटतो, दोघे कोसळू लागतात. मुलगा कागदाचा नाद सोडतो आणि तिथेच मुख्य धून पितळी वाद्यांवर उसळते. ती ऐकताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. या भागासाठी पॉवेल यांना पहिल्यांदा ऑस्करचं नामांकन मिळालं.

या संगीतातला बॅगपाइप परका वाटला, तर आपल्या सोलापूरच्या जाधव घराण्याची सुंदरी आठवा. फुंकीचं, पत्तीचं वाद्य आणि खाली धरलेला अखंड सूर. बॅगपाइपमध्ये तो सूर त्याच वाद्याच्या वेगळ्या नळ्या धरतात आणि हवा पिशवीतून येते, हा फरक.

दुसरा भाग माझ्या मते तिन्हींत सर्वांत समृद्ध आहे. त्या मुलाच्या आईवडिलांच्या गाण्यात वडील आधी नुसती शीळ घालतात, मग बिचकत शब्द येतात, मग दोघं नाचू लागतात. शब्द आयरिश गायक-गीतकार शेन मॅकगोवन यांचे. गाणं असं माणसाच्या संकोचातून उगवताना फार क्वचित ऐकायला मिळतं. पण मोठ्या प्रसंगांत कोरस, पितळी वाद्यं आणि जुन्या-नव्या धुना एकदम अंगावर येतात. कान तयार नसेल तर वहीत 'भव्य' याच्यापलीकडे काही उतरत नाही. स्वरलिपी वाचता येत असेल आणि हाताशी दोन महिने असतील, तर जरूर हाच घ्या.

तिसरा एकटा घेऊ नका. त्याचा शेवट निरोपाचा आहे, तिथे जुन्या धुना परततात. पहिला भाग कानात मुरलेला नसेल, तर ते परतणं कळणारच नाही.

भाचीने पहिलाच घेतलाय. परवापासून ती आकृती पेटीवर काढतेय आणि दर आवर्तनाला नवं कोणतं वाद्य आलं, ते समासात टिपून ठेवतेय.