सोलारसोबत लाइटनिंग अरेस्टर बसवला, घ्यावाच असा

लातूर साइडला घर आहे. ३ किलोवॅटचं सोलार बसवलं तेव्हा सोबत एलए म्हणजे लाइटनिंग अरेस्टर (पडणारी वीज जमिनीत नेणारा छपरावरचा दांडा) पण घेतला, वळीव आणि परतीचा पाऊस दोन्ही काढलेत म्हणून आता लिहितोय. काम चांगलं झालंय. विजा कशा पडतात ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

सोलारवाल्याने अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे घेतले, एक एलएचा, एक पॅनलच्या स्ट्रक्चरचा, एक एसीचा म्हणजे इन्व्हर्टरपासून घराकडे जाणाऱ्या लाइनचा, आणि मशीन लावून रीडिंग समोर दाखवलं, ५ ओहमच्या आत. हे बघितल्याशिवाय पैसे देऊच नका, अर्थिंग नसेल तर वरचा दांडा नुसता शोभेचा. एकच खटकलं, खाली येणारी पट्टी गॅलरीच्या कोपऱ्यावर काटकोनात वाकवली होती, अशा वळणावर वीज पट्टी सोडून भिंतीत उडी मारू शकते. सांगितल्यावर कुरकुर न करता सरळ करून दिली.

पुतण्या विचारत होता, काका एवढी वीज जमिनीत का घालवायची, बॅटरीत भरा की. प्रश्न चांगलाय, बरेच जण विचारतात. एका विजेत साधारण १ अब्ज ज्यूल ऊर्जा धरतात, म्हणजे २८० युनिटच्या आसपास. आमचं सोलार चांगल्या उन्हात दिवसाला १२ युनिट देतं, म्हणजे अख्खी वीज पकडली तरी सोलारचे २३-२४ दिवसच झाले. आणि पकडणार कशी, बहुतेक ऊर्जा हवा तापवण्यात, उजेडात नि गडगडाटात वरच्यावर संपते, खाली येतो तो ३० हजार अँपिअरच्या घरातला करंट, तोही डोळ्याची पापणी लवायच्या आत येऊन जातो, एवढं एकदम गिळणारी बॅटरी कुठे मिळते? २०१३ मध्ये साउथहॅम्प्टन विद्यापीठाने नोकियासोबत २ लाख व्होल्टची ठिणगी पाडून फोन चार्ज करून दाखवला होता, पण ती ठिणगी लॅबमध्ये ट्रान्सफॉर्मरवर केलेली. आभाळातली वीज तुमच्याच छपरावर वर्षातून एकदा तरी पडेल याचाही भरवसा नाही, मग त्या भरवशावर कोण खर्च करणार? सोलारला पीएम सूर्यघरमधून ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी तरी मिळते.

अजून एक, एलए लावला म्हणजे झालं असं नाही. दूर कुठेतरी वीज पडली तरी लाइनमधून झटका घरात येतो, त्यासाठी एसी (घराकडची लाइन) आणि डीसी (पॅनलकडची लाइन) दोन्ही बॉक्समध्ये एसपीडी, म्हणजे असा झटका अडवणारं सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, मागून घ्या. त्याची छोटी खिडकी हिरवी असते, लाल झाली की कार्ट्रिज बदलायचं. आमची एसीची वळवातच लाल झाली, इन्व्हर्टर आणि टीव्ही दोन्ही शाबूत.