पातळ लॅपटॉप घ्यायचाय: फॅनवाला की बिनफॅनचा?

महागडा पातळ लॅपटॉप घ्यायचं ठरलं की बोलणं हमखास प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीनवर जातं. या वर्गात आता तिन्ही गोष्टी बहुतेकांच्या चांगल्याच असतात. त्यावर रात्र रात्र तुलना करून फारसं हाती लागत नाही. माझ्या मते खरा फाटा दुसरीकडे फुटतो आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख क्वचितच असतो. तो म्हणजे आत फॅन आहे की नाही.

दोन्ही प्रकार मी रोजच्या कामाला वापरले आहेत. काम म्हणजे मजकूर तपासणं, रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढणं, व्हिडिओ कॉल, ब्राउझरमध्ये उघडे राहिलेले टॅब आणि अधूनमधून एखादी व्हिडिओ फाइल. माझी यंत्रं कुठल्या कंपन्यांची, ते सांगत बसत नाही. मॉडेलं दरवर्षी बदलतात, जातीचा स्वभाव तितक्या लवकर बदलत नाही.

बिनफॅनच्या लॅपटॉपची सुरुवातीची ख्याती काही बरी नव्हती. २०१५ साली ॲपलचा १२ इंची मॅकबुक आला. वजन ९२० ग्रॅम, जाडी १३.१ मिलिमीटर, आणि हेडफोनचं भोक सोडलं तर चार्जिंगपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळ्यांना मिळून एकच यूएसबी-सी पोर्ट. आत इंटेलचा कोअर एम, पाचेक वॉटमध्ये भागवणारा. दिसायला देखणा, कामाला सावकाश. बिनफॅनचा लॅपटॉप म्हणजे मेल बघणाऱ्यांचं खेळणं, हे मत तेव्हा पक्कं झालं आणि अजूनही काहीजण तेच धरून बसलेले दिसतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचा, बिनफॅनचा मॅकबुक एअर आला आणि चित्र पालटलं. गंमत म्हणजे त्याच महिन्यात तीच चिप १३ इंची मॅकबुक प्रोमध्येही आली, आणि त्यात मात्र फॅन होता. आपल्यासारख्या कुंपणावर बसलेल्यांसाठी याहून सोयीचा प्रयोग कुणी मांडून दिला नसता. छोट्या कामांत दोघांत फरक जाणवत नाही. मोठा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला, किंवा प्रोसेसरला बराच वेळ श्वास घेऊ न देणारं दुसरं काही चालवलं, की काही मिनिटांनी एअर तापतो आणि आपला वेग खाली घेतो. प्रो आपली चाल टिकवतो. बिनफॅनच्या जातीचा सगळ्यात मोठा दोष हाच, आणि तो खरा आहे. फक्त तुमच्या दिवसात अशी कामं किती येतात, हे आधी प्रामाणिकपणे मोजायला हवं. माझ्या दिवसात ती क्वचित येतात, आणि येतात तेव्हा मी यंत्राला कामाला लावून उठून जातो.

आता फॅनवाल्याकडे येऊ, कारण माझा निर्णय त्याच्यामुळेच झाला.

लॅपटॉप पातळ करायचा म्हणजे फॅनही चपटा आणि लहान करावा लागतो. इथे भौतिकशास्त्र दयामाया दाखवत नाही. तशाच घडणीचा पण निम्म्या व्यासाचा फॅन घेतला, तर तेवढीच हवा ढकलायला त्याला आठपट वेगाने फिरावं लागतं. आणि एकाच फॅनचे फेरे दुप्पट केले तर त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. म्हणून जाड लॅपटॉपच्या फॅनचा आवाज घुमल्यासारखा येतो, आणि पातळ लॅपटॉपचा डासासारखा बारीक.

पण खरं सांगायचं तर मला त्या आवाजाच्या पातळीचा त्रास नव्हताच. छताचा पंखा याहून जास्त आवाज करतो आणि पाच मिनिटांत कान तो विसरतो. त्रास होता तो चढ-उताराचा. मी शांतपणे एक परिच्छेद वाचतोय. यंत्रही शांत. मग एखादं वेबपान उघडतो, किंवा कॉल सुरू होतो, किंवा काहीच न करता मागे कुठलं तरी अपडेट जागं होतं, आणि फॅन सूं करून वर जातो. पंधरा-वीस सेकंद वर, मग खाली, मग पूर्ण बंद. जरा बरं वाटतंय तोवर पुन्हा वर. मी रेकॉर्डिंग ऐकत असलो, की वक्त्याचा हळू उच्चारलेला शब्द नेमका त्या चढणीत सापडायचा. मागे जायचं, पुन्हा ऐकायचं, तोवर फॅन बंद. दिवसभर काम करून मी थकायचो, तेव्हा त्यातलं किती कामामुळे आणि किती या लहरीमुळे, हे वेगळं काढता येत नाही. पण लहर थांबल्यावर फरक पडला, एवढं खात्रीने सांगतो.

हे असं का होतं, ते कळल्यावर राग थोडा कमी झाला, त्रास नाही. आजच्या चिपा सरासरी वेगाने चालत नाहीत. काम दिसलं की झेप घेतात आणि संपलं की बसतात. इंटेलच्या बाराव्या पिढीतल्या पातळ लॅपटॉपसाठीच्या कित्येक चिपा १५ वॉटच्या म्हणून ओळखल्या जातात, पण त्यांच्या माहितीपत्रकातच टर्बोची, म्हणजे या थोड्या वेळच्या झेपेची, कमाल मर्यादा ५५ वॉट दिलेली असते. लॅपटॉप बनवणारे ती बरीचशी खाली आणतात, तरी झेप राहतेच. जाड लॅपटॉपमध्ये तांब्याचा गोळा मोठा असतो, तो ही क्षणिक उष्णता पोटात घेतो आणि फॅनला उठवत नाही. पातळ यंत्रात तेवढं तांबं मावत नाही. त्यामुळे प्रत्येक झेपेची वर्दी थेट फॅनपर्यंत जाते.

यावर उपाय आहेत, आणि ते मी करून पाहिले. कंपनीच्या ॲपमध्ये फॅनसाठी सायलेंट मोड असतो, तो लावला. विंडोजमध्ये बॅटरी वाचवणारा पॉवर मोड निवडला. मग तो प्रसिद्ध उपाय, पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करणं. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपवर त्याने टर्बोच बंद पडतो. खरोखर शांतता झाली. आणि यंत्र लगेच जाणवण्याइतकं मंद झालं. तिथेच माझ्या मनात तराजू कलला असावा. फॅन असलेल्या लॅपटॉपला गप्प बसवायचं म्हणजे त्याला बिनफॅनचा करायचं, तोही कमी चांगला, आणि वर फॅनचे पैसे, फॅनची जागा आणि फॅनची धूळ आपल्याकडेच.

धुळीचं आलंच आहे तर तेही सांगतो. खालच्या जाळीतून हवा ओढणारा लॅपटॉप गादीवर किंवा पांघरुणावर ठेवला की त्याचा श्वास कोंडतो. शिवाय वर्ष-दोन वर्षांत पात्यांवर आणि त्यामागच्या बारीक पन्हळींवर थर बसतो, आणि पूर्वीइतकंच थंड राहायला फॅन जास्त फिरायला लागतो. साफ करता येतं, तळ उघडायची तयारी असेल तर. बिनफॅनच्या यंत्राला हवेसाठी जाळीच लागत नाही, त्यामुळे हा विषयच निघत नाही.

एवढं ऐकून फॅनवाला अगदीच टाकाऊ वाटला असेल तर थोडं थांबा. त्याच्या बाजूला बरंच काही आहे, आणि काही बाबतींत मला अजूनही त्याची आठवण येते.

कीबोर्डचंच घ्या. थिंकपॅड एक्स१ कार्बनसारखा लॅपटॉप सव्वा किलोच्या आत राहूनही बोटांना दाबल्याचं समाधान देतो, आणि बाजूला मोठा यूएसबी आणि एचडीएमआय दोन्ही ठेवतो. प्रोजेक्टर जोडायची वेळ आली की बिनफॅनवाले डाँगल, म्हणजे पोर्ट बदलून देणारा जोड, शोधत फिरतात, मीही त्यातलाच. स्क्रीनमध्येही निवड जास्त मिळते: मॅट हवी, टच हवी, ओलेड हवी, तशी घ्या. खिडकीसमोर बसणाऱ्याला मॅट स्क्रीन म्हणजे काय सुख असतं, ते चकचकीत काच वापरल्यावर कळतं.

रॅम दोन्हीकडे बहुधा बोर्डवरच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, तेव्हा तिथे कुणी कुणाला हसू नये. घेतानाच १६ जीबीच्या खाली जाऊ नका, एवढं पुरे. फाइली साठवणाऱ्या एसएसडीचं मात्र वेगळं आहे. फॅनवाल्या पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये अनेकदा चार स्क्रू काढून ती बदलता येते. मॅकबुक एअरमध्ये ती बोर्डाचाच भाग आहे. पुढे जागा कमी पडली तर बाहेरून ड्राइव्ह लटकवायचा.

बाहेरचे मॉनिटर हा एकेकाळी एअरचा मोठाच लंगडेपणा होता. एम१ आणि एम२ वर अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चाले. २०२४ च्या एम३ वर दोन चालू लागले, पण झाकण मिटून. २०२५ च्या एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. जुना एअर स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

आणि उन्हाळा. बिनफॅनचं यंत्र उष्णता फक्त आपल्या अंगावाटे बाहेर टाकतं, त्यामुळे खोली तापलेली असेल तर त्याचा दम लवकर उखडतो. कॉल, वर आणखी काही चालू, आणि खोलीत ३५ अंश, अशा दुपारी त्याचा तळ मांडीवर ठेवावासा वाटत नाही. आवाज नाही म्हणजे उष्णता नाही असं नव्हे. ती जाते कुठे, एवढाच फरक. फॅनवाला ती बाजूच्या फटीतून फेकतो, बिनफॅनचा तुमच्या तळहातापर्यंत आणतो. मला यातलं दुसरं सोसतं. कुणाला सोसणार नाही.

विंडोज लागतंच, अशा लोकांची अडचण मात्र खरी आहे. त्या बाजूला बिनफॅनचे चांगले लॅपटॉप फार थोडे आहेत. पूर्वी एसरने स्विफ्ट ७ मध्ये तो प्रयत्न केला होता. २०१८ चं मॉडेल ८.९८ मिलिमीटर जाडीचं होतं, पण आतली इंटेलची कमी वॉटची चिप त्या देखण्या अंगाला शोभेल इतकी दमदार नव्हती. त्याआधी, २०१६ मध्ये, एचपीने १०.४ मिलिमीटरच्या स्पेक्टरमध्ये १५ वॉटची चिप बसवली, अर्थातच फॅनसह. २०२२ चा एम२ एअर ११.३ मिलिमीटरचा, आणि फॅन नाही. स्पेक्टर आणि एअर शेजारी ठेवून पाहिले तर कळतं की जाडी मुख्य नाहीच. चिप किती वॉटमध्ये काम उरकते, यावर सगळं ठरतं. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स आणि इंटेलच्या लूनर लेक चिपांमुळे विंडोजकडचे फॅनही पूर्वीइतके लहरी राहिलेले नाहीत, हे मान्य करायला हवं. तिथे शोधणार असाल तर सुरुवात यांच्यापासून करा. स्नॅपड्रॅगनची घडण इंटेलहून वेगळी आहे, म्हणून तिच्या बाबतीत तुमची सॉफ्टवेअरं आणि प्रिंटर चालतात का, ते आधी बघा.

दुकानात बघून याचा निवाडा होत नाही, हीच पंचाईत आहे. तिथे एसी चालू, लोक बोलताहेत, शेजारच्या टीव्हीवर गाणी. त्या गलक्यात कुठल्याच लॅपटॉपचा फॅन ऐकू येत नाही आणि सगळेच शांत वाटतात. परतीची मुदत मिळत असेल तर घरी आणल्याच्या दिवशीच, खोली बंद करून, तुमचं नेहमीचं काम लावा: कॉल, टॅब, जे असेल ते. पहिला तास सोडून द्या, कारण नवीन यंत्र तेव्हा अपडेट ओढत असतं आणि त्या वेळचा फॅन त्याच्या स्वभावाचा पुरावा नव्हे. त्यानंतर ऐका. फॅन किती मोठ्याने वाजतो यापेक्षा तो किती वेळा उठतो-बसतो, तिकडे लक्ष द्या.

मी आज पुन्हा घेतला तर बिनफॅनचाच घेईन, डाँगलसकट. तुमचं काम रोज तासन् तास प्रोसेसर पिळणारं असेल तर फॅनवाल्याकडेच जा, पण मग सगळ्यात पातळ मॉडेलचा हट्ट सोडा. त्याच कंपनीच्या यादीत तीन-चार मिलिमीटर जाड आणि दोनशे-तीनशे ग्रॅम जड असा एक भाऊ सहसा असतो. त्याचा फॅन मोठा असतो, तांबं जास्त असतं, आणि पिशवीत तो फरक दुसऱ्या आठवड्यापासून कळेनासा होतो.