भुताटकीचे घर कोणते निवडावे: 'पिरानेसी' की 'मेक्सिकन गॉथिक'?

२०२० साली आलेल्या या दोन्ही इंग्रजी कादंबऱ्यांत खरे पात्र घरच आहे, त्यामुळे एकच घ्यायची तर कोणती, असा पेच एका मैत्रिणीला पडला. सुझॅना क्लार्क यांची 'पिरानेसी' रोजनिशीच्या रूपात आहे. पुतळ्यांनी भरलेली अंतहीन दालने आणि खालच्या मजल्यावर भरती-ओहोटीचा समुद्र यांत वाचक बराच वेळ चाचपडतो, पण रहस्य उलगडल्यावरही ती पुन्हा उघडावीशी वाटते. सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया यांच्या 'मेक्सिकन गॉथिक'मध्ये १९५०च्या मेक्सिकोतला, भिंतींवर बुरशी चढलेला वाडा आहे. वाचनाला श्रम नाहीत, किळस भरपूर, शेवट मात्र (मला तरी) घाईचा वाटला. एका रात्रीत अंगावर काटा हवा असेल तर दुसरी घ्यावी. सावकाश मुरणारे गूढ आवडत असेल तर पहिली.